गुडघा, गुण्या आणि बिम

डिचोलीजवळच्या आमच्या आजोळच्या घराची डागडुजी निघाली तेव्हा भाच्याने एकच अट घातली. आधी घराचं मॉडेल होईल, मगच चिरा हलेल. तो म्हापशात बसून इमारतींची संगणकीय मॉडेलं करतो. या कामाला बीआयएम म्हणतात, पण बोलताना सगळे ‘बिम’च म्हणतात. आमचे गवंडी पेडण्याचे, चाळीस वर्षं चिरा बसवलेले. त्यांना वाटलं, पोरगा सिमेंटचा बीम ओतणार. “चिऱ्यांच्या घराक बीम कित्याक रे?” म्हणून ते भाच्याला काळजीने विचारत होते. गावागावांतल्या बांधकामांवर कॉलम, बीम, स्लॅब हे शब्द इतके मुरले आहेत, की त्याच उच्चाराचा दुसरा शब्द आला तर त्याला आधी आपली ओळख पटवून द्यावी लागते.

भाच्याने पडवीवर तिपाई उभी करून लेझरने खोल्या टिपल्या. गवंडीकाकांनी मधल्या खोलीच्या कोपऱ्यात पिशवी उपडी केली. ओळंबा, थापी, दोरी आणि लोखंडी काटकोन बाहेर पडला. तो कोपऱ्यात टेकवून त्यांनी मान हलवली. “हो कोपरो गुण्यांत ना.” मग खात्रीसाठी टेप काढला. एका भिंतीवर तीन फुटांवर खूण केली, दुसरीवर चार फुटांवर. कोपरा काटकोनात असेल तर या दोन खुणांमधलं अंतर पाच फूट भरायला हवं. ते पाच फूट दोन इंच भरलं. तिकडे पडद्यावर तीच भिंत लहान लहान त्रिकोणांच्या जाळीत उमटत होती. भाचा म्हणाला, “मामा, आणखी थोडे पॉलिगॉन आले की कोपरा स्पष्ट दिसेल.”

गुण्या आणि पॉलिगॉन हे दोन शब्द एकाच कोपऱ्यात, एकाच मिनिटात कानावर पडले, आणि त्या क्षणी मला लागलेला नाद अजून सुटलेला नाही. पॉलिगॉनमधला ‘गॉन’ आणि गवंडीकाकांच्या हातातला गुण्या हे एकच आहेत, असं माझं म्हणणं आहे.

बिमचा स्वतःचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. चार्ल्स ईस्टमन या अमेरिकी संशोधकाने १९७५ मध्ये, इमारत आखताना कागदी नकाशांऐवजी संगणक का वापरू नये, असा प्रश्न मांडला. खिडकी एकदा बदलली की सगळ्या नकाशांत ती आपोआप बदलावी, हे त्याचं म्हणणं. १९८४ मध्ये बुडापेस्टच्या एका कंपनीने आर्किकॅड या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती आणली. ‘इमारत-माहिती-मॉडेल’ या अर्थाचे इंग्रजी शब्द १९९२ च्या एका शोधनिबंधात आले. ऑटोडेस्क कंपनीने २००२ मध्ये रेव्हिट हे तसंच सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि ‘बीआयएम’ ही तीन अक्षरं जगभर गेली. ब्रिटनने २०१६ पासून मध्यवर्ती सरकारच्या बांधकामांना ते सक्तीचं केलं. आपल्याकडे नागपूर मेट्रोने लांबी-रुंदी-उंचीला वेळ आणि खर्च जोडून ‘फाइव्ह-डी बिम’ वापरलं, तेव्हा हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत आला. पेडण्याच्या मोप पठारावरच्या विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं, धारगळला आयुर्वेद संस्था उभी राहिली, आणि तालुक्यात मोजणीवाले, आराखडेवाले, मॉडेलवाले सर्रास दिसू लागले. बिमची हकीकत एवढीच. मला ओढ आहे ती त्याच्या पोटातल्या शब्दाची.

पडद्यावरची कुठलीही वस्तू, भिंत असो, घुमट असो की नळ, दाखवताना संगणक तिचे पृष्ठभाग सपाट तुकड्यांत चिरतो. हे तुकडे म्हणजे पॉलिगॉन, बहुभुज. शब्द ग्रीक आहे. पॉली म्हणजे अनेक, गोनिया म्हणजे कोन. आता गुण्या घ्या. फारसीत सुताराच्या आणि गवंड्याच्या काटकोनाला ‘गूनिया’ म्हणतात, तुर्कीत ‘गोनये’, हिंदीत ‘गुनिया’. दहाव्या शतकात बगदादला अबुल-वफा बूझजानी या गणितज्ञाने खास कारागिरांसाठी भूमितीचं पुस्तक लिहिलं. त्याची सुरुवातच हत्यारांपासून होते: पट्टी, कंपास आणि गूनिया. युक्लिडची भूमिती ग्रीकमधून अरबीत उतरली तेव्हा तिच्या मागोमाग गोनियाही आला असावा, पण पंडितांच्या पोथीत न थांबता तो सुताराच्या पेटीत जाऊन बसला.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही हुशार आहेत.

पहिला म्हणतो, गुण्या हा ‘गुण’पासून आला. संस्कृतात गुण म्हणजे दोरी. काटकोन काढायची आपली जुनी रीत दोरीचीच. शुल्बसूत्रं म्हणजे तर दोरीचेच नियम, आणि गवंडीकाकांनी तीन-चार-पाच मोजलं ते त्याच घराण्यातलं. मोह पडावा असा हा युक्तिवाद आहे, पण हत्याराकडे बघा. गुण्या दोरीचा नसतो. तो ताठ असतो, लाकडी किंवा लोखंडी. दोरीला गवंडी दोरी म्हणतो, सूत म्हणतो, गुण कधीच म्हणत नाही. शिवाय इस्तंबूलच्या सुताराने तोच शब्द मराठी गवंड्याकडून उचलला असेल, हे कुणाला पटणार? मराठीत आल्यावर ‘न’चा ‘ण’ झाला तो ‘गुण’च्या ओढीने, एवढं श्रेय मी त्या पक्षाला द्यायला तयार आहे. ‘गुण्यागोविंदाने’मधला गुण्याही काही जण इथे आणून बसवतात, की सगळं काटकोनात म्हणजे सगळं गोडीत. अर्थ सुरेख आहे, पण तो गुण्या मला गोविंदाच्या जोडीचा माणूस वाटतो, हत्यार नव्हे.

दुसरा आक्षेप म्हणतो, गुण्या म्हणजे ‘कोन्या’. कोन, कोन्या, गोन्या, गुण्या. तर मग हा कोन, म्हणजे संस्कृतातला ‘कोण’, कुठून आला? इथे मोठमोठे विद्वान भांडले आहेत. एक पक्ष म्हणतो, कोणही ग्रीक गोनियाच. ज्योतिषात ग्रीक शब्द आले हे खरंच आहे. केंद्र हे केंत्रॉन, जामित्र हे दियामेत्रॉन, होरा तर होराच. त्याच ओळीत त्रिकोण हा त्रिगोनॉन आहे. ग्रीक ज्योतिष संस्कृतात कसं उतरलं ते दाखवणारं यवनजातक डेव्हिड पिंग्री यांनी १९७८ मध्ये छापलं, ते चाळताना ही रांग डोळ्यांत भरते. दुसरा पक्ष दक्षिणेकडे बोट दाखवतो. द्राविडी भाषांत कोणु, कोणल् म्हणजे वाकणं, वाकडेपणा. माझं मत असं, की दोघेही बरोबर आहेत. वाकडेपणाचा कोण इथला जुना होता. ज्योतिष्यांचा त्रिगोनॉन आला तेव्हा त्याला बसायला तयार जागा मिळाली आणि तो त्रिकोण झाला. म्हणजे कोण आणि गुण्या हे फार तर मानलेले भाऊ. एकातून दुसरा निघाला म्हणायला मात्र आधार नाही, कारण शब्दाच्या आरंभीच्या ‘क’चा ‘ग’ आणि ‘ओ’चा ‘उ’ मराठीत एकदम होत नाही, आणि फारसीतला गूनिया तर आयता समोर उभा आहे.

मग तो आमच्या बाजूला आला कसा? इमारत, कमान, गच्ची, नकाशा ही सगळी मंडळी ज्या वाटेने आली त्याच वाटेने, आदिलशाहीतून. विजापूरच्या गोलघुमटाचा रचनाकार याकूत हा दाभोळचा होता असं मानतात. म्हणजे कोकणातले बांधणारे हात आणि विजापूरची फारसी यांची ये-जा होतीच. डिचोलीवर आदिलशाहीचा अंमल होता, मग मराठ्यांचा, मग अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांचा. पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून गोव्यात गेलं. गवंड्याची पिशवी म्हणजे या तिन्ही राजवटींची दप्तरं आहेत. ओळंबा संस्कृत अवलंबापासून, घमेलं पोर्तुगीज गामेलापासून, गुण्या फारसीतून. शेजारच्या सुताराला आम्ही मेस्त म्हणतो तोही पोर्तुगीज मेस्त्र. त्या शब्दाचा माग आपल्या आसगावच्या सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो यांनी १९१३ मध्येच घेऊन ठेवला आहे.

नार्व्याला जा, डिचोलीपासून जवळ आहे. सप्तकोटीश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांच्या आज्ञेने शके १५९० मध्ये, म्हणजे १६६८ ला, नव्याने उभारायला घेतलं, असं तिथला शिलालेख सांगतो. २०२३ मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला. घुमटाखाली मान वर करून उभं राहिलं की तो आठ बाजूंच्या पट्ट्यावर बसलेला दिसतो. चौरस खोलीवर गोल घुमट चढवायची एक रीत म्हणजे मध्ये अष्टकोन घ्यायचा. चौकोन, अष्टकोन, मग वर्तुळ. नवशिका संगणकही वर्तुळ असंच काढतो: आधी थोड्या बाजू, मग वाढवत वाढवत गोल. शिलालेखात राजाचं नाव आहे, वर्ष आहे, तिथी आहे, कारागिराचं नाही. पण तो अष्टकोन आखणाऱ्या माणसाच्या हातात काटकोन होता आणि तो त्याला गुण्या म्हणत होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आणखी एक पायरी खाली उतरायची आहे, आणि सगळ्यात जास्त आनंद मला तिने दिला. ग्रीक गोनिया आला ‘गोनु’पासून. गोनु म्हणजे गुडघा. त्याचं संस्कृत भावंड ‘जानु’, ज्यावरून आपण आजानुबाहू म्हणतो. मांडी घालून बसलेल्या माणसाचा वाकलेला गुडघा हा माणसाने पाहिलेला पहिला कोन. हे मी एका स्नेह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, अवयवावरून भूमिती, हे जरा ओढूनताणून वाटतं. त्यांना मी मराठीच दाखवली. हाताचं कोपर आणि खोलीचा कोपरा. आपण हाताच्या वाकणाला भिंतीच्या वाकणाचं नाव दिलं किंवा उलट, ते काहीही असो, ग्रीकांनी पायाबाबत केलं तेच आपण हाताबाबत केलं. गवंडीकाका “हो कोपरो गुण्यांत ना” म्हणाले तेव्हा त्यांच्या एका वाक्यात कोपर आणि गुडघा दोन्ही होते.

भाच्याच्या सॉफ्टवेअरला मात्र गुण्यात नसलेली भिंत आवडत नाही. रेघ ओढली की ती आपसूक नव्वद अंशांना चिकटते, सरळ घरांसाठी ती सोयच आहे. आमच्या भिंती चिकटेनात. लेझर सांगत होता ९४ अंश. मी गवंडीकाकांच्या पाच फूट दोन इंचांवरून हिशेब केला, तर उत्तर तेच, ९४. मग काकांनी शेजारचा कोपरा मोजला. तीन, चार, आणि यावेळी चार फूट दहा इंच. म्हणजे ८६ अंश. एकीकडे जितका जास्त, तितकाच दुसरीकडे कमी. खोली वाकडी नव्हती, एका बाजूला सरकलेली होती. समोरासमोरच्या भिंती एकमेकींना समांतर होत्या.

“चुकलं म्हणायचं का?” भाच्याने विचारलं.

काका त्याला घराबाहेर घेऊन गेले. बाहेरच्या भिंतीला लागून जुनी पाणंद जाते, आता गवताने भरलेली. भिंत तिच्याशी एका ओळीत होती, चिऱ्यामागे चिरा. बांधणाऱ्याने रस्त्याला मान दिला होता आणि गुण्या जाणूनबुजून बाजूला ठेवला होता. बिममधलं मधलं अक्षर माहितीचं आहे. मॉडेलमध्ये प्रत्येक भिंतीला एक रकाना असतो. त्यात जाडी लिहितात, चिऱ्याचं माप लिहितात, गिलावा लिहितात. भाच्याने ९४ आकडा हाताने भरला, नव्वदची ओढ बंद केली, आणि शेऱ्याच्या रकान्यात टंकलं: पाणंदीला धरून, मुद्दाम गुण्यात नाही.