काउंटरवरचा ठिय्या

१ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे, वूलवर्थच्या दुकानात, चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहाराच्या काउंटरवर बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. कॉफी मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत ते उठलेही नाहीत. अमेरिकेतील ठिय्या आंदोलनाचा जन्म बहुधा याच दिवशी मानला जातो. आपण मात्र जरा मागे जाऊ. १९३७च्या आरंभी मिशिगनमधील फ्लिंट येथे जनरल मोटर्सचे कामगार कारखान्यातच ठाण मांडून होते. अखेर कंपनीने त्यांच्या संघटनेशी करार केला. ऑगस्ट १९३९मध्ये व्हर्जिनियातील अलेक्झांड्रियात पाच कृष्णवर्णीय तरुणांनी ग्रंथालयाचे सदस्यत्व मागितले आणि नकार मिळताच ते पुस्तके घेऊन मुकाट्याने वाचत बसले. बेत सॅम्युएल टकर या वकिलाचा होता. पोलिसांनी तरुणांना पकडले. शहराने पुढे कृष्णवर्णीयांसाठी निराळे ग्रंथालय उघडले, म्हणजे प्रश्न जिथल्या तिथेच राहिला! १९५८मध्ये ओक्लाहोमा सिटीत क्लॅरा लूपर या शिक्षिकेने शाळकरी मुलांना काउंटरवर बसवले आणि तिथे यशही मिळाले.

या इतिहासातला एक धागा आपल्या नागपुरातून जातो, याची आठवण आपल्याकडे फारशी कुणी काढत नाही. कोरियन युद्धाच्या काळात लष्करभरती नाकारून तुरुंगवास भोगलेले जेम्स लॉसन १९५३मध्ये मेथडिस्ट मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. गांधीजींच्या मार्गाचा अभ्यास हा त्यांचा ध्यास होता. अमेरिकेतील माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी पुकारलेल्या बसबहिष्काराची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. मायदेशी परतल्यावर, १९५७मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना दक्षिणेत येण्याचा आग्रह केला आणि लॉसन नॅशव्हिलला गेले. तिथे चर्चमध्ये त्यांनी चालवलेल्या शिबिरांत काही विद्यार्थी गोरे गुंड होऊन शिव्या देत, ढकलत, बाकीच्यांनी सोसायचे. डायान नॅश, जॉन लुईस हे विद्यार्थी नेते याच तालमीत घडले. ग्रीन्सबरोची ठिणगी पडली तेव्हा नॅशव्हिल तयार होते. उलट हात उगारायचा नाही, ताठ बसायचे, तोंड काउंटरकडेच ठेवायचे, असे नियम ठरले. मे १९६०मध्ये तिथल्या दुकानदारांनी काउंटर सर्वांना खुले केले. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने देशभरातील उपाहारगृहांतला असा भेद बेकायदा ठरवला. माझ्या मते ग्रीन्सबरोने या साधनाला प्रसिद्धी दिली, पण त्याला शिस्त लावली ती नॅशव्हिलने. नॅशव्हिलमधील आंदोलनापायी व्हँडरबिल्ट विद्यापीठाने मार्च १९६०मध्ये लॉसन यांना काढून टाकले होते. त्याच विद्यापीठाने २००६मध्ये त्यांना अध्यापनासाठी बोलावले.