एमजीबी की ट्रायम्फ टीआर६? दोन ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये नेमका फरक काय?

हेक्टर किंवा विंडसरवरचा एमजीचा अष्टकोनी लोगो तुम्ही पाहिला असेलच. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, मूळची ऑक्सफर्डची. आज हा ब्रँड चिनी मालकीचा आहे. पण एकेकाळी याच लोगोची एमजीबी ही उघड्या टपाची गाडी जगभर गाजली होती. तिची मोठी स्पर्धक होती ट्रायम्फ टीआर६. गंमत म्हणजे १९६८ पासून दोन्ही ब्रँड ब्रिटिश लेलँड या एकाच कंपनीत होते.

इंजिन कुणाचं भारी?

१९६२ साली आलेल्या एमजीबीत १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं. ताकद साधारण ९५ हॉर्सपॉवर. १९६८ च्या अखेरीस उत्पादन सुरू झालेल्या टीआर६ मध्ये २४९८ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. ब्रिटनमध्ये फ्युएल इंजेक्शनसह सुरुवातीला १५० हॉर्सपॉवरचा दावा होता. अमेरिकेत मात्र प्रदूषण नियमांमुळे कार्ब्युरेटर बसवले आणि ताकद १०० च्या आसपास आली.

बांधणीत फरक काय?

एमजीबीला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे ती हलकी. टीआर६ जुन्या पद्धतीने चॅसिसवर बॉडी ठेवून बनायची. पण तिची मागची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वरखाली व्हायची. एमजीबीत मागे एकच अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे होते.

जास्त कोणती विकली गेली?

एमजीबी, तीही मोठ्या फरकाने. १८ वर्षांत ५ लाखांहून अधिक गाड्या बनल्या. साधी यंत्रणा, सोपी दुरुस्ती आणि १९६५ पासून बंद टपाची जीटी आवृत्ती हे तिचे प्लस पॉइंट. टीआर६ ९० हजारांहून अधिक बनल्या आणि त्यातल्या बहुतेक परदेशात गेल्या.

मग दोन्ही बंद का पडल्या?

दोघींचं मोठं गिऱ्हाईक अमेरिका. तिथल्या सुरक्षा नियमांसाठी १९७४ मध्ये एमजीबीला जाड काळे बंपर लावले आणि गाडी उंच केली. त्यामुळे वळणावरची तिची पकड बिघडली. १९७६ मध्ये टीआर६ थांबली. तिची जागा टीआर७ ने घेतली, पण एमजीबीला वारसदार मिळालाच नाही. १९८० मध्ये अ‍ॅबिंग्डनचा एमजी कारखाना बंद झाला. पुढच्याच वर्षी टीआर७ ही संपली. घरातल्या या भांडणात जिंकलं कुणीच नाही.

आज घ्यायची झाली तर?

पहिली जुनी गाडी म्हणून एमजीबी सोपी, दमदार इंजिन हवं असेल तर टीआर६. मात्र दोन्हींचा खरा शत्रू गंज आहे. एमजीबीत दारांखालच्या पट्ट्या आणि टीआर६ मध्ये चॅसिस तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. वरचा रंग कितीही चकचकीत असला, तरी खर्च खालीच लपलेला असतो.