सिद्दी इब्राहीम अपवाद का ठरतो?

चौथीत अफजलखानाच्या वधाचा धडा आला तेव्हा वर्गातल्या पाच-सहा मुलांनी वळून माझ्याकडं पाहिलं. कुणी काही बोललं नाही. गुरुजी शिकवत राहिले, मी पुस्तकात डोकं घातलं. आम्ही तेव्हा वाईला राहत होतो. घरात शिवाजी महाराजांबद्दल आदरच होता. तरी त्या दिवशी वाटलं, खानाचा हिशेब आता मलाच द्यायचा आहे.

त्या नजरेचा मानसशास्त्रात अभ्यास झाला आहे, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. थॉमस पेटिग्र्यू या अमेरिकी अभ्यासकानं १९७९ मध्ये एक गोष्ट मांडली. परक्या गटातल्या माणसानं वाईट केलं, की आपण म्हणतो, ‘ही माणसंच तशी.’ त्यानं चांगलं केलं, की म्हणतो, ‘हा वेगळा आहे.’ म्हणजे वाईटाचा दोष सगळ्या समाजावर आणि चांगल्याचं श्रेय एकट्याला. मनातला ग्रह दोन्ही वेळा शाबूत राहतो.

आता हीच फूटपट्टी १० नोव्हेंबर १६५९ या दिवसाला लावून पाहू. अफजलखान हा विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार आणि वाईचा सुभेदार. त्याचा वकील कृष्णाजी भास्कर. मावळातले खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले, तर कान्होजी जेधे महाराजांच्या बाजूनं ठाम राहिले. प्रतापगडाच्या भेटीला महाराजांनी सोबत नेलेल्या निवडक अंगरक्षकांत जिवा महाला, संभाजी कावजी यांच्याबरोबर सिद्दी इब्राहीमचंही नाव येतं.

खोपड्यांचं वागणं आपण कसं समजून घेतो? वतनाचा लोभ, भाऊबंदकी, एका माणसाचा निर्णय. आणि हे बरोबरच आहे. त्यावरून कुणी सगळ्या मराठ्यांना जाब विचारत नाही. अफजलखान मात्र एका सुलतानाचा नोकर राहत नाही, तो एका धर्माचा प्रतिनिधी होतो. आणि सिद्दी इब्राहीम? तो ‘अपवाद’ म्हणून बाजूला बसतो. मग आरमारातला दौलतखान आला की तोही अपवाद. अपवादांची रांग लागली तरी नियम तपासायला आपण तयार नसतो.

यात चित्रांचा वाटा मोठा आहे. १९७३ मध्ये ट्वर्स्की आणि काहनमन यांनी दाखवलं, की जे चटकन आठवतं तेच जास्त वेळा घडत असावं असं आपलं मन धरून चालतं. कॅलेंडर, गणपतीतले देखावे, ‘शेर शिवराज’सारखे सिनेमे यांतून डोळ्यांपुढं ठसते ती एकच चौकट: दोन माणसं, एक मिठी, एक वाघनख. वकील, वतनदार, अंगरक्षक त्या चौकटीत फारसे मावत नाहीत. चित्र खोटं नसतं, पण अपुरं असतं. आणि तेच तेवढं आठवतं.

२००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत याच प्रसंगाच्या कमानीवरून दंगल पेटली. लोण सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीपर्यंत गेलं. संचारबंदी लागली. विधानसभेची निवडणूक महिन्या-दीड महिन्यावर होती, हेही विसरू नये.

आम्ही तोवर मिरजेला आलो होतो. त्या रात्री गल्लीच्या तोंडाशी दगड पडत होते. शेजारचे मामा आमच्या जिन्याच्या पायरीवर खुर्ची टाकून पहाटेपर्यंत बसून राहिले. सकाळी अम्मीनं त्यांना चहा दिला. ते गेल्यावर मी म्हणालो, “मामांची गोष्ट वेगळी आहे. बाकीचे तसे नाहीत.”

अब्बा म्हणाले, “बाकीच्यांपैकी किती जणांना ओळखतोस तू?”

मला उत्तर देता आलं नाही. चौथीतल्या मुलांनी माझ्याशी जे केलं तेच मी करत होतो. दगड मारणारे वीस-पंचवीस, त्यांना मी अख्खा समाज केलं. आणि रात्रभर जागलेल्या माणसाला अपवाद. पेटिग्र्यूनं सांगितलेली खोड फक्त समोरच्याला असते, असं मानणं सोयीचं असतं. पण ती आपल्यालाही असते.

मिरज तर या खोडीवरचा उताराच आहे. इथली सतार आणि तंबोरे घडवणारी घराणी मूळची शिकलगार, हत्यारांना धार लावणारी. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. गाणारे आणि ऐकणारे सर्व धर्मांचे असतात. तिथं कुणी कुणाला अपवाद म्हणत नाही, कारण तिथं तोच नियम आहे.

आता माझी मुलगी चौथीत आहे. परवा तिनं तो धडा वाचून दाखवला. मी तिला सिद्दी इब्राहीमबद्दल सांगितलं, खोपड्यांबद्दल सांगितलं, आणि जिन्यावरच्या खुर्चीबद्दलही. तिनं विचारलं, “मग खान वाईट होता की नाही?”

मी म्हणालो, “तो महाराजांचा शत्रू होता. त्याचा हिशेब महाराजांनी त्याच दिवशी प्रतापगडाखाली पुरा केला. तुझ्याकडं त्यातलं काही बाकी नाही.”