कासिम रझवीच्या बाजूने दोन मते

लातूरच्या कोर्टात वकिली करणारा एक माणूस रझाकारांचा सेनापती झाला, हे नांदेड-लातूरकडच्या कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. माझे वडील उमरीत एका कापूस अडत्याकडे मुनीम होते. कासिम रझवीचा विषय निघाला की ते त्याला सगळे काही म्हणत, पण वकील म्हणत नसत. मी वकील झाल्यावर तर त्यांनी मला बजावून सांगितले होते, की त्या माणसाला तुझ्या धंद्यात धरू नकोस.

म्हणूनच कायदा शिकताना राज्यघटनेच्या कलम 14 वरच्या निकालांत 'सय्यद कासिम रझवी विरुद्ध हैदराबाद राज्य' हे नाव दिसले, तेव्हा मी ते प्रकरण दोनदा वाचले. जानेवारी 1953 चा निकाल. सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायमूर्ती. तिघांनी रझवीची शिक्षा कायम केली. दोघांनी सांगितले की हा खटला ज्या पद्धतीने चालला ती समानतेच्या हक्काशी जुळत नाही. ते दोघे होते न्यायमूर्ती विवियन बोस आणि न्यायमूर्ती गुलाम हसन.

खटला बीबीनगरचा होता. 10 जानेवारी 1948 रोजी सिकंदराबादजवळच्या बीबीनगर स्टेशनात रझवी आणि त्याचे लोक असलेली गाडी थांबली. गावकऱ्यांनी गांधीजींचा जयजयकार केला. मग गाडीतून उतरून रझाकारांनी गाव लुटला, माणसांना झोडपले. याच महिन्याच्या 30 तारखेला आमच्या उमरीत स्वातंत्र्यसैनिकांनी बँकेवर धाड घातली आणि वीस-एकवीस लाखांची रक्कम निजामाविरुद्धच्या लढ्यासाठी नेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. निजामाच्या कायद्यात बीबीनगर आणि उमरी ही दोन्ही दरोड्याचीच प्रकरणे. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, राज्य बदलले, आणि उमरीचे लोक स्वातंत्र्यसैनिक ठरले, बीबीनगरचे आरोपी. मला यात काही गैर वाटत नाही. एक बाजू जनतेच्या राज्यासाठी लढत होती, दुसरी जनतेला दाबण्यासाठी. पण कोर्टापुढचा प्रश्न वेगळा होता: ज्याचा पराभव झाला आहे, ज्याचा सगळ्यांना तिटकारा आहे, त्याचा खटलाही इतरांसारखाच चालवायचा की त्याच्यासाठी वेगळी वाट काढायची?

लष्करी गव्हर्नरांच्या सरकारने वेगळी वाट काढली होती. विशेष न्यायाधिकरणे नेमली. कोणता खटला तिकडे पाठवायचा ते सरकार ठरवणार. खालच्या न्यायाधीशाने आधी चौकशी करून खटला वर पाठवण्याचा टप्पा नाही, साक्षी शब्दशः नोंदवण्याऐवजी गोषवारा पुरे. खटला सुरू असतानाच 26 जानेवारी 1950 आला आणि राज्यघटना लागू झाली. आता वेगळी वाट चालेल का? बहुमताने म्हटले, प्रत्यक्षात आरोपीला नेहमीच्या खटल्यासारखीच संधी मिळाली, तेव्हा शिक्षा टिकते. बोस आणि हसन यांना ते पटले नाही. तिघा न्यायमूर्तींवर मी सरकारधार्जिणेपणाचा आरोप करणार नाही. त्यांची कारणे निकालात लिहिलेली आहेत आणि ती वाचून त्यांच्याशी वाद घालता येतो. पण जे दोघे वेगळे लिहून गेले त्यांचा विचार माझ्या मनातून गेलेला नाही. पाचही जण स्वतंत्र भारताच्या सरकारच्या काळात त्या न्यायालयात बसले होते. केंद्रात आणि जवळजवळ सगळ्या राज्यांत एकाच पक्षाची सत्ता होती आणि हैदराबाद मिळवणे हे त्या सत्तेचे सर्वांत ताजे यश होते. तरी दोघांनी रझवीच्या बाजूने मत दिले.

विवियन बोस आपल्या नागपूरचे. 1936 मध्ये नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाले तेव्हापासून ते तिथे न्यायमूर्ती होते. नेमणूक इंग्रजांची. 1942 च्या चळवळीत, चिमूर-आष्टीच्या त्या दिवसांत, संरक्षण नियमांखाली माणसे तुरुंगात कोंबली जात होती. तेव्हा प्रभाकर केशव तारे यांच्या प्रकरणात बोस यांनी लिहिले की अटक कायदेशीर आहे का हे तपासण्याचा न्यायालयाचा अधिकार सरकारला असा काढून घेता येणार नाही. इंग्रजांनी नेमलेला न्यायमूर्ती इंग्रजांच्या कैद्यांसाठी उभा राहिला. दहा वर्षांनी, राष्ट्रपतींनी नेमल्यावर, तोच न्यायमूर्ती त्याच ठामपणाने रझवीच्या हक्कासाठी उभा राहिला. नेमणारे बदलले, माणूस बदलला नाही.

मराठवाड्यात नेमणारा आणि न्याय देणारा यांचे नाते फार जुने आणि फार घट्ट होते. निजामाच्या मुलखाचा सुमारे तिसरा हिस्सा जहागिरीत होता, आणि पायगा किंवा सालारजंग यांच्यासारख्या मोठ्या जहागिरींची स्वतःची न्यायालये होती. न्याय देणारा पगार जहागीरदाराचा खाई. त्याच्यापुढे जहागीरदाराविरुद्ध फिर्याद घेऊन जाणाऱ्या कुळाची काय अवस्था होत असेल ते सांगायला नको. ही न्यायालये 1949 मध्ये जहागिरींबरोबर गेली. मात्र निजामाच्या स्वतःच्या मुलखात एक गोष्ट ब्रिटिश हिंदुस्थानाच्याही आधी झाली होती. 1921 च्या सुमारास, सर अली इमाम यांच्या कारभारात, महसुली अधिकाऱ्यांकडून न्यायदान काढून स्वतंत्र न्यायखात्याकडे दिले गेले. निजामाचे राज्य एकतंत्री होते हे खरे, आणि ही सुधारणाही त्याच राज्यात झाली हेही खरे. दोन्ही गोष्टी एका वाक्यात लिहिताना आमच्या पिढीचा हात अडखळतो, पण लिहायला हव्यात.

त्याच काळात केशवराव कोरटकर हैदराबादच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. वसमत तालुक्यातल्या पुरजळचे, 1867 चा जन्म, गुलबर्ग्यात वकिली, मग हैदराबादेत. आर्यसमाजाचे काम, मराठी शाळा, विवेकवर्धिनी. निजामाच्या राज्यात मराठी माणसाला स्वतःची शाळा काढणेही अवघड होते, आणि तिथे एक माणूस शाळाही काढत होता आणि न्यायासनावरही बसत होता. त्यांना नेमणाऱ्या सरकारला त्यांचे विचार पूर्ण ठाऊक होते. म्हणजे नेमणूक मिळाली म्हणून विचार विकले असे होत नाही, आणि विचार आहेत म्हणून न्याय वाकडा होतो असेही नाही. मला वाटते हे आपण विसरत चाललो आहोत. न्यायाधीश कोरी पाटी घेऊन येत नाही. प्रश्न एवढाच, की खुर्चीवर बसल्यावर तो कोणाच्या ऋणात राहतो.

याची सर्वांत मोठी मराठी उदाहरणे टिळकांच्या खटल्यांत आहेत. 1897 मध्ये टिळकांना जामीन दिला तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी. तय्यबजी 1887 च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि त्यांना न्यायमूर्ती इंग्रजांनी केले होते. त्या जामिनासाठी टिळकांच्या बाजूने वकील उभे होते दिनशा दावर. पुढे तेच दावर न्यायमूर्ती झाले आणि अकरा वर्षांनी, जुलै 1908 मध्ये, त्यांनी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. नेमणूक दोघांचीही एकाच सरकारची. नेमणुकीचा कागद पाहून न्यायाधीश ओळखता येत असता, तर हे दोघे सारखे निघाले असते.

रामशास्त्र्यांचे नाव अशा वेळी घेतले जाते. त्यांनी राघोबादादांना नारायणरावाच्या खुनासाठी देहांताची शिक्षा सांगितली आणि पद सोडले. ते मोठेच होते. पण रामशास्त्र्यांपाशी पद सोडण्याखेरीज दुसरे हत्यार नव्हते. राज्यघटनेने न्यायमूर्तीला निराळे हत्यार दिले, ते म्हणजे पद न सोडता टिकून राहण्याचे. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ठरावीक मोठ्या बहुमताने ठराव केल्याशिवाय उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीला काढता येत नाही. खफा मर्जी होऊनही तो बसून राहू शकतो. हे संरक्षण त्याच्या सुखासाठी दिलेले नाही, समोर उभ्या असलेल्या पक्षकारासाठी दिलेले आहे.

याच संरक्षणाला 1973 मध्ये बगल दिली गेली. एप्रिलमध्ये शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश केले गेले, आणि केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी लोकसभेत त्याचे समर्थन केले. न्यायाधीशाचा दृष्टिकोन सरकारने पाहिला तर बिघडले काय, असा त्यांचा सूर होता. 'बांधिलकी मानणारी न्यायव्यवस्था' हा शब्दप्रयोग तेव्हा गाजला. डावललेल्यांतले हेगडे पूर्वी काँग्रेसचेच राज्यसभा सदस्य होते, ही गोष्ट मला विशेष बोलकी वाटते. पक्षाने त्यांना ओळखले होते, पण न्यायासनावर बसल्यावर ते पक्षाचे राहिले नाहीत, आणि हेच सरकारला खुपले. व्ही. आर. कृष्ण अय्यर केरळच्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री होते. जून 1975 मध्ये इंदिरा गांधींची निवड रद्द ठरवणाऱ्या निकालाला सर्वोच्च न्यायालयातून सशर्त स्थगिती मिळाली ती अय्यर यांच्याकडून. इंदिरा गांधींना हवी होती ती बिनशर्त स्थगिती त्यांनी दिली नाही. अमेरिकेतही 1974 मध्ये ध्वनिफितींच्या प्रकरणात अध्यक्ष निक्सन यांच्याविरुद्ध एकमताने निकाल देणाऱ्यांत त्यांनीच नेमलेले तीन न्यायमूर्ती होते.

मग 28 एप्रिल 1976. आणीबाणीत अटक झालेल्याला न्यायालयाचे दार बंद, असा निकाल चार विरुद्ध एक मताने लागला. ते एक मत होते एच. आर. खन्ना यांचे, आणि पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तीला सरन्यायाधीश केले गेले. चौघांमध्ये आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. या माणसाने पुढे पुष्कळ चांगले निकाल दिले, म्हणून तो दिवस मला जास्त खुपतो. त्याच काळात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कांटावाला आणि तुळजापूरकर यांनी वकिलांच्या सभेवरची पोलीस बंदी रद्द ठरवली होती. त्या सभेत माजी मुख्य न्यायमूर्ती छागला बोलणार होते. आणि औरंगाबादच्या 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव, जे निजामाच्या तुरुंगात राहून आले होते, ते स्वतंत्र भारताच्या तुरुंगात होते. आमच्याकडच्या लोकांना हे समजावून सांगावे लागले नाही. सत्ता कोणाची आहे यापेक्षा दार ठोठावल्यावर कोणी उघडते का, हे महत्त्वाचे, हे त्यांनी दोनदा अनुभवले होते.

1982 च्या जानेवारीत न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या निकालानंतर बॅरिस्टर अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. त्यापेक्षा आमच्या जवळची गोष्ट 1986 ची. निलंग्याचे शिवाजीराव पाटील-निलंगेकर मुख्यमंत्री होते. मुलीच्या एम.डी. परीक्षेतल्या गुणांच्या फेरफाराचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, तिथल्या ताशेऱ्यांनंतर मार्चमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि नांदेडचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेव्हा नांदेडच्या बाररूममध्ये पहिला प्रश्न होता, तो न्यायमूर्ती कोणाचा माणूस आहे? लातूरकर म्हणत नांदेडकरांचा, नांदेडकर म्हणत कोणाचाच नाही. तिथेच एका ज्येष्ठाने विचारले, निकाल वाचला का कोणी? कोणी वाचला नव्हता.

हा प्रश्न खाली तालुक्यापर्यंत येतो, आणि तिथे तो चुकीच्या माणसाविषयी विचारला जातो. आमच्या कोर्टातला न्यायाधीश परीक्षा देऊन येतो. त्याची बदली, बढती, शिस्त उच्च न्यायालयाच्या हातात असते, मंत्र्याच्या नाही. सरकार बदलले की बदलतात ते सरकारी वकील. पक्षाचे कार्यकर्ते दोघांना एकच समजतात.

माझ्याकडे असाच एक पक्षकार आला होता. शेताच्या बांधाचा दावा, समोर चुलतभाऊ. निवडणूक नुकतीच झालेली. म्हणाला, "वकीलसाहेब, आता सरकार आपलं आलंय. साहेबांना वरून एक फोन गेला तर?"

मी त्याला सांगितले की फोन गेला तर उद्या तुझ्या चुलतभावाचाही जाईल, आणि सरकार पुन्हा बदलले की त्याचाच आधी लागेल. त्यापेक्षा मोजणीचा नकाशा आण. तो नकाशा आणायला तयार नव्हता, कारण त्यात बांध त्याच्या बाजूला सरकलेला दिसत होता. दावा त्याच्या विरुद्ध गेला. अपिलाची मुदत तीस दिवसांची, आम्ही ती गाठून नांदेडला अपील दाखल केले, आणि या वेळी नकाशा सोबत जोडला.