सॉफ्टवेअर सिंथेसायझरमधील ऑसिलेटर

सॉफ्टवेअर सिंथेसायझरमधील ऑसिलेटर अर्थात आंदोलक हा त्या संगणकीय वाद्याचा मूळ ध्वनी निर्माण करणारा भाग होय. ठरावीक आकाराचा तरंग ठरावीक वारंवारतेने पुन्हा पुन्हा निर्माण करणे हे त्याचे कार्य आहे. त्यापुढील फिल्टर, एन्व्हेलप इत्यादी भाग या मूळ ध्वनीवर केवळ संस्कार करतात. तरंगाच्या वारंवारतेवरून स्वराची उंची ठरते आणि आकारावरून त्याचा पोत ठरतो. बासरीचा षड्ज व सनईचा षड्ज एकाच उंचीचे असूनही निराळे वाटतात, त्याचे एक प्रमुख कारण हेच होय.

इतिहास

संगणकाद्वारे ध्वनी निर्माण करण्याच्या कार्यात बेल लॅबोरेटरीजमधील मॅक्स मॅथ्यूज यांचे नाव अग्रगण्य मानले जाते. त्यांच्या ‘म्युझिक’ या आज्ञावलीने १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या संगणकावर १७ सेकंदांची एक रचना वाजवली. आजच्या सॉफ्टवेअर सिंथेसायझरांतील तरंगांची नावे मात्र प्रामुख्याने १९६० व १९७० च्या दशकांतील विद्युत सिंथेसायझरांकडून आलेली आहेत.

मूलभूत तरंग

फूरिये यांच्या सिद्धान्तानुसार कोणताही आवर्ती तरंग हा मूळ वारंवारता आणि तिच्या पूर्णांक पटींतील साइन तरंग यांची बेरीज असतो. या पटींतील घटकांना हार्मोनिक म्हणतात. साइन तरंगात केवळ मूळ वारंवारता असते. त्यामुळे त्याचा ध्वनी अत्यंत शुद्ध, परंतु काहीसा निर्विकार वाटतो. करवती तरंगात (आलेखाचे रूप या मराठी नावाने नेमके पकडले आहे) सर्व हार्मोनिक असतात आणि क्रमांकाच्या व्यस्त प्रमाणात त्यांचा आयाम घटतो. चौकोनी तरंगात केवळ विषम हार्मोनिक असतात. त्यामुळे क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकाची आठवण करून देणारा पोकळ ध्वनी त्यातून मिळतो. त्रिकोणी तरंगातही विषम हार्मोनिकच असतात, पण त्यांचा आयाम क्रमांकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्याने तो साइनच्या जवळ जातो. चौकोनी तरंगाची रुंदी बदलली की पल्स तरंग मिळतो. रुंदी आवर्तनाच्या एकचतुर्थांश ठेवल्यास प्रत्येक चौथा हार्मोनिक नाहीसा होतो.

तरंगाची निवड ही केवळ आवडीची बाब नाही. प्रचलित पद्धतीत फिल्टर ध्वनीतून घटक वगळतो. मुळात नसलेला हार्मोनिक तो देऊ शकत नाही. साइन तरंगावर फिल्टर कितीही फिरवला तरी आवाज लहान-मोठा होण्यापलीकडे फारसे काही घडत नाही, आणि नवशिक्यास आपले उपकरणच बिघडले असे वाटते. म्हणून व्हायोलिनवृंद किंवा पितळी वाद्यांसारख्या भरदार ध्वनीसाठी आरंभ बहुधा करवती तरंगाने केला जातो.

रोलँड टीबी-३०३ या वाद्यात एकच ऑसिलेटर होता आणि त्यात करवती व चौकोनी एवढेच दोन पर्याय होते. मुंबईतील संगीतकार चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रागांवर आधारित ध्वनिमुद्रिकेसाठी हे वाद्य वापरले. थोड्या तरंगांतून किती साधता येते, याचे ते उत्तम उदाहरण आहे.

एकाहून अधिक ऑसिलेटर

४४० व ४४२ हर्ट्झचे दोन ऑसिलेटर एकत्र वाजवल्यास आवाज सेकंदाला दोनदा कमी-जास्त होतो. हार्मोनियममधील दुहेरी सुरांच्या पट्ट्या किंचित विसंवादी झाल्यावर ऐकू येणारे हेलकावे याच जातीचे असतात. तेथे तो दोष ठरतो, तर येथे हेतुपुरस्सर योजला जातो. रोलँड जेपी-८००० मधील ‘सुपरसॉ’ तरंगात सात करवती तरंग असे परस्परांपासून किंचित ढळवलेले होते.

वेव्हटेबल आणि एफएम

वेव्हटेबल ऑसिलेटरमध्ये एका आवर्तनाचे अनेक तरंग ओळीने साठवलेले असतात आणि स्वर वाजत असतानाच एकातून दुसऱ्यात सरकता येते. जर्मनीतील वोल्फगांग पाल्म यांनी पीपीजी वाद्यांतून ही पद्धत रूढ केली. सीरम व व्हायटल ही आजची परिचित सॉफ्टवेअर वाद्ये याच पद्धतीची आहेत.

एफएम पद्धतीत एक ऑसिलेटर दुसऱ्याची वारंवारता अतिशय वेगाने हलवतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांनी तिच्यावरील निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. १९८३ मधील यामाहा डीएक्स७ मध्ये प्रत्येक स्वरासाठी सहा साइन ऑसिलेटर होते. दोन वारंवारतांचे गुणोत्तर साध्या पूर्णांकांचे असल्यास ध्वनी सुरेल वाटतो. ते १ : १.४ यासारखे ठेवल्यास घंटेसारखा धातूचा नाद उमटतो.

आभासी स्वरांची समस्या

संगणक ध्वनीचे नमुने ठरावीक वेगाने घेतो. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील, तर २२,०५० हर्ट्झपर्यंतचेच घटक अचूक मांडता येतात. करवती तरंगाचे हार्मोनिक तर अनंत असतात. ३,००० हर्ट्झच्या करवती तरंगाचा चौदावा हार्मोनिक ४२,००० हर्ट्झचा. तो मर्यादेवर आपटून परत फिरतो आणि २,१०० हर्ट्झवर, म्हणजे मूळ स्वराच्याही खाली, ऐकू येतो. मूळ स्वर मींडेने वर चढवला की हा परका स्वर उलट खाली उतरतो. कानाला तो तत्काळ खटकतो आणि मूळ सुरांतच मिसळलेला असल्याने नंतरच्या फिल्टरने त्याला निवडून काढता येत नाही.

यावर उपाय ऑसिलेटरमध्येच करावा लागतो. टिम स्टिल्सन व ज्युलियस स्मिथ यांनी १९९६ मध्ये मर्यादित पट्ट्याच्या स्पंदांपासून तरंग घडवण्याची रीत मांडली. पुढील काळात तरंगातील उभ्या उडीचा कोपरा गणिताने मऊ करण्याच्या, कमी आकडेमोडीच्या रीती प्रचारात आल्या. वेव्हटेबल वाद्यांत सहसा निरनिराळ्या सप्तकांसाठी कमी-अधिक हार्मोनिकांचे वेगळे तक्ते ठेवतात. नमुन्यांचा वेग आतल्या आत दुप्पट किंवा चौपट करणे हा आणखी एक मार्ग आहे, मात्र त्यामुळे प्रोसेसरवरील भार वाढतो. आभासी स्वर खालच्या सप्तकात क्षीण असतात. त्यामुळे एखाद्या ऑसिलेटरची प्रत पारखताना वरच्या सप्तकातील करवती स्वर सावकाश चढवून ऐकण्याचा प्रघात आहे.