दोन साचे, तीन साचे

लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात आता कापड विणले जात नाही. तिथे कार्यालये आहेत. अशा कार्यालयांतून गेल्या एक-दोन वर्षांत कामाची एक नवी रीत रुळते आहे. एकच प्रोग्रामर तीन-चार एआय एजंटांकडून एकाच वेळी कोड लिहून घेतो आणि स्वतः त्यांच्यावर नजर ठेवतो. एका माणसाने किती यंत्रे सांभाळावीत, हा प्रश्न मात्र गिरणगावाला नवा नाही. १९२८ साली याच प्रश्नावरून सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर होते.

मुंबईच्या साळखात्यात एका विणकराकडे साधारणपणे दोन माग असत. गिरणीच्या बोलीत मागाला साचा म्हणत. ससून समूहाच्या गिरण्यांनी दोनाऐवजी तीन साचे आणि कताईत एकाऐवजी दोन बाजू सांभाळण्याची पद्धत आणली. हिशेब सरळ होता. सहा साच्यांना पूर्वी तीन विणकर लागत, आता दोन पुरणार. म्हणजे तिघांतला एक घरी. उरलेल्या दोघांचा पगार थोडा वाढणार, पण काम दीडपट होणार.

लँकेशायरचा विणकर चार साचे चालवतो, मग मुंबईचा का नाही, असे मालक विचारीत. याचे उत्तर सुतात होते. आखूड धाग्याच्या कापसाचे सूत वारंवार तुटते. तुटलेला धागा सांधेपर्यंत दुसरा साचा एकतर थांबतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, सदोष कापड विणत राहतो. किती साचे झेपतील हे हातांच्या चपळाईइतकेच धागा किती वेळा तुटतो यावरही ठरते.

अमेरिकेतल्या नॉर्थ्रप मागाने (१८९४) आणि जपानच्या साकिची टोयोडांच्या स्वयंचलित मागाने (१९२४) नेमकी हीच अडचण सोडवली. धागा तुटला की माग आपणहून थांबे. विणकराला प्रत्येक मागावर टक लावून बसावे लागत नसे. थांबलेल्या मागाकडे गेले की झाले. मुंबईत तेव्हा बहुतेक माग साधेच होते. यंत्र बदलले नव्हते, फक्त माणसावरचा बोजा वाढवला होता.

आजच्या प्रोग्रामरचे साळखाते म्हणजे 'टीमक्स' नावाची प्रणाली. निकोलस मॅरियट यांनी ती २००७ मध्ये लिहिली. तिच्या आधी १९८७ पासून 'स्क्रीन' होतीच. एकाच काळ्या पडद्याच्या अनेक खिडक्या करायच्या आणि प्रत्येकीत वेगळे काम चालू ठेवायचे, एवढेच तिचे काम. कंट्रोल आणि बी दाबून मग सी दाबले की नवी खिडकी उघडते. डी दाबले की आपण बाहेर पडतो, पण आतली कामे सर्व्हरवर चालू राहतात. इंटरनेट तुटले तरी परत येऊन तिथूनच पुढे जाता येते.

एजंटांसाठी यात तीन गोष्टी कराव्या लागतात. पहिली, प्रत्येक खिडकीला कामाचे नाव द्यायचे, नाहीतर कोणती कशाची हे तासाभरात आठवत नाही. दुसरी, प्रत्येक एजंटाला 'गिट वर्कट्री'ने फायलींची स्वतंत्र प्रत द्यायची. एकाच फायलीवर दोघे बसले तर धागे गुंततात. तिसरी, एजंट अडला किंवा थांबला की घंटा वाजेल अशी सोय करायची. ही घंटा म्हणजे टोयोडांच्या मागाचेच तत्त्व.

पण साम्य इथे संपते. तुटलेला धागा यंत्राला कळतो. चुकीचा कोड मात्र बऱ्याचदा न थांबता, पूर्ण आत्मविश्वासाने लिहिला जातो आणि घंटा वाजतच नाही. तो वाचून तपासणारा माणूसच लागतो. म्हणून पडदे वाढवणे सोपे, पण खरी मर्यादा वाचणाऱ्याच्या लक्षाची. संध्याकाळपर्यंत चार एजंटांनी लिहिलेले सगळे कुणी वाचले का, हे विचारल्याशिवाय चार हा आकडा अर्थहीन आहे.

१९२८चा संप ऑक्टोबरात मिटला आणि प्रश्न न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीकडे गेला. संपकऱ्यांच्या बाजूने एन. एम. जोशी, श्रीपाद अमृत डांगे, अर्जुन आळवे अशी भिन्न मतांची माणसे एकत्र आली होती. त्याच संपात डॉ. आंबेडकरांनी आणखी एक प्रश्न लावून धरला. साळखात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि इतर विणकर विटाळाचे कारण पुढे करीत. साचे दोन की तीन, हा वाद ज्यांना साच्यापाशी उभे राहता येत होते त्यांचा होता. दाराबाहेरच्यांसाठी तो आकडा शून्यच होता.

आज कार्यालयांत किती एजंट चालवायचे यावर चर्चा होते, तेव्हाही हे दोन्ही प्रश्न विचारायला हवेत. आकडा कोण ठरवतो, आणि तिघांतला जो एक लागत नाही त्याचे काय? विशेषतः नुकते शिकून आलेल्या मुलामुलींचे, जी पूर्वी लहानसहान कोड लिहूनच हे काम शिकत असत. गिरणगावात निदान हे प्रश्न रस्त्यावर, मोठ्याने विचारले गेले. त्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतींत ते अजून फारसे ऐकू येत नाहीत.