मानेचे हस्तोपचार : फायब्रोमायाल्जिया असलेल्या स्त्रियांसाठी

फायब्रोमायाल्जिया या दीर्घकालीन वेदनाविकारात मानेचे दुखणे उतरावे आणि मान पुन्हा मोकळी वळावी म्हणून प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट हातांनी जे उपचार करतात, त्यांना मानेचे हस्तोपचार म्हणतात. हलके मर्दन, स्नायूंवरील आवरणाला सावकाश दिलेला ताण, कवटीच्या तळाशी दिलेला स्थिर आधार आणि मणक्यांच्या सांध्यांना दिलेली लयबद्ध हालचाल हे त्यांचे मुख्य प्रकार. मूळ विकार त्यांनी बरा होत नाही. काही तास, काही दिवस, कधी काही आठवडे दुखणे कमी होते, आणि तेवढ्या अवधीत रुग्णाला हालचाल करता येते. या उपचारांचा खरा उपयोग त्या अवधीत आहे.

फायब्रोमायाल्जियात अंगभर दुखते, रात्रभर झोपूनही सकाळी अंग जड असते, थकवा हटत नाही, बोलताना नेमका शब्द आठवत नाही. लोकसंख्येतील सुमारे २ ते ४ टक्के लोकांना हा विकार असतो आणि निदान झालेल्यांत स्त्रियांचे प्रमाण बरेच जास्त आढळते. रक्ततपासणी, एक्स-रे, एमआरआय यांत बोट ठेवावे असे काही सापडत नाही. त्यामुळे ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाला लावून घेऊ नका’ हे वाक्य या स्त्रियांनी अनेकदा ऐकलेले असते. दुखणे मात्र खरेच असते. बिघाड स्नायूंपेक्षा मज्जासंस्थेत असतो : एरवी जो स्पर्श किंवा ताण जाणवलाही नसता, तो मेंदू आणि मेरुरज्जू वेदना म्हणून वाढवून नोंदवतात. वेदनेचा संदेश वाहून नेणाऱ्या ‘सबस्टन्स पी’ या द्रव्याचे प्रमाण अशा रुग्णांच्या मेरुद्रवात निरोगी व्यक्तींच्या सुमारे तिप्पट आढळले आहे.

विकाराच्या नावाचा इतिहास उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९०४ मध्ये ब्रिटिश वैद्य विल्यम गोवर्स यांनी स्नायूंच्या अशा दुखण्याला ‘फायब्रोसायटिस’ म्हटले, म्हणजे तंतूंचा दाह. तो दाह पुढे कोणाला दाखवता आला नाही. १९७६ मध्ये फिलिप हेंच यांनी ‘फायब्रोमायाल्जिया’ हे नाव रूढ केले. त्यात दाहाचा उल्लेख गळला आणि वेदनेचा राहिला. तरीही ‘स्नायूंत गाठी झाल्यात, त्या दाबून फोडायच्या’ ही जुन्या नावामागची समजूत आजही मालीश करणाऱ्या अनेक हातांत टिकून आहे. फायब्रोमायाल्जियात या समजुतीने त्रासच होतो.

अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने १९९० मध्ये निदानाचे निकष ठरवले. शरीरावरील १८ ठरावीक ठिकाणी अंगठ्याने सुमारे ४ किलोचा, म्हणजे तपासणाऱ्याच्या नखाचा रंग पांढुरका पडेल इतका, दाब द्यायचा. त्यांपैकी किमान ११ ठिकाणी दुखले आणि किमान तीन महिने अंगभर वेदना असल्या तर निदान पक्के. या १८ जागांपैकी ८ मानेच्या आणि खांद्याच्या पट्ट्यात आहेत : कवटीच्या तळाशी दोन, मानेच्या पुढच्या बाजूला खाली दोन, मान आणि खांदा यांना जोडणाऱ्या ट्रॅपेझियस स्नायूच्या कडेवर दोन आणि खांद्याच्या फऱ्याच्या वर दोन. २०१० च्या निकषांतून हे बिंदू मोजणे वगळले गेले आणि वेदनेच्या १९ भागांची यादी आली. त्या यादीत मान स्वतंत्र भाग म्हणून आहे.

मानेत सात मणके असतात. डोके डावी-उजवीकडे वळते त्यातील जवळपास निम्मी हालचाल एकट्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांमधील सांध्यात होते. सर्वसाधारणपणे मान एका बाजूला ७० ते ८० अंश वळते. फायब्रोमायाल्जिया असलेल्या स्त्रीची मान त्याआधीच थांबते. सांधा गंजलेला नसतो, हाड वाढलेले नसते. दुखेल या भीतीने स्नायू आधीच आवळले जातात, आणि आवळलेले स्नायू पुन्हा दुखतात. मग दोरीवर कपडे घालताना वर बघवत नाही, स्वतःची वेणी घालताना हात आणि मान दोन्ही भरून येतात, मागून कोणी हाक मारली तर मान न वळवता सगळे अंग वळवावे लागते. आपल्याकडे अशा दुखण्यावर पटकन ‘स्पॉन्डिलायटिस’चा शिक्का बसतो आणि गळ्यात पट्टा येतो. पट्टा महिनोन्‌महिने वापरला की मानेचे स्नायू दुबळे होतात आणि हालचालीची भीती आणखी वाढते.

उपचारापूर्वी मोजमाप हवे. मान किती अंश वळते, वाकते, कलते हे गोनिओमीटरने मोजतात; किती दाबाला वेदना सुरू होते हे अल्गोमीटरने; वेदनेची तीव्रता शून्य ते दहाच्या पट्टीवर रुग्ण स्वतः सांगते. मानेच्या अडचणींसाठी १९९१ पासून वापरात असलेली दहा प्रश्नांची ‘नेक डिसॅबिलिटी इंडेक्स’ ही प्रश्नावली आहे. वाचन, डोकेदुखी, वजन उचलणे, झोप अशा रोजच्या गोष्टींवर तिचे प्रश्न असतात. हे आकडे वहीत लिहून ठेवले नाहीत, तर चार आठवड्यांनी ‘बरं वाटतंय का’ या प्रश्नाला खात्रीने उत्तर देता येत नाही.

हस्तोपचारांच्या पद्धतींतील सर्वांत सौम्य आणि बहुधा सर्वाधिक सोसवणारी पद्धत कवटीच्या तळाशी केली जाते. रुग्ण उताणी झोपते. उपचारक डोक्याशी बसून दोन्ही तळहात डोक्याखाली सरकवतात आणि बोटांची टोके कवटी जिथे संपते त्या खळगीत, मागच्या छोट्या स्नायूंवर टेकवतात. यानंतर दाबायचे काहीच नसते. डोक्याचे चार-पाच किलो वजन आपोआप बोटांवर उतरू द्यायचे आणि थांबायचे. पहिले मिनिटभर स्नायू लाकडासारखे लागतात. तीन ते पाच मिनिटांत बहुतेकदा ते सैलावतात, श्वास लांबतो, जबडाही सुटतो. मायोफेशियल रिलीजमध्ये याच धीमेपणाने ट्रॅपेझियस आणि मानेच्या बाजूच्या स्नायूंवरील आवरणाला ताण देऊन तो काही मिनिटे धरून ठेवतात. सांध्यांच्या मोबिलायझेशनमध्ये मणक्याला अंगठ्यांनी लहान, लयबद्ध झोके देतात. ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांनी अशा झोक्यांच्या चार श्रेणी ठरवल्या. या विकारात सुरुवात पहिल्या दोन हलक्या श्रेणींनी करणे शहाणपणाचे.

हात लागल्याने नेमके काय बदलते? स्नायूतील एखादी गाठ वितळते, असे म्हणायला आधार नाही. सुरक्षित, धीमा स्पर्श मज्जासंस्थेला मिळाला की मेरुरज्जूच्या पातळीवर वेदनेचे संदेश काही काळ दबतात, आवळलेला स्नायू सुटतो आणि त्याच भेटीत मान काही अंश जास्त वळते, अशी आजची समज आहे. हा परिणाम तात्पुरता असतो.

पुरावा आशादायक आहे, भक्कम नाही. स्पेनमधील अल्मेरिया विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत एका गटाला २० आठवडे मायोफेशियल मर्दन दिले आणि दुसऱ्या गटाला बंद यंत्राचा नकली उपचार. उपचार संपताना आणि त्यानंतर महिन्याभराने पहिल्या गटाची वेदना, चिंता आणि झोप सुधारलेली होती. सहा महिन्यांनी दोन गटांत फरक उरला तो फक्त झोपेचा. ज्या विकारात झोप बिघडली की वेदना वाढते, तिथे ही शिल्लक मोलाची आहे. तुर्कस्तानातील संशोधकांनी २००९ मध्ये फक्त स्त्रियांवर चाचणी करून लसिका-निचऱ्याचे अतिशय हलके मर्दन आणि त्वचेखालच्या ऊतींचे जोरकस मर्दन यांची तुलना केली. दोन्हींनी आराम पडला, पण विकाराच्या एकूण परिणामावर हलके मर्दन सरस ठरले. या विकारात हात हलका ठेवावा, या अनुभवाशी हा निष्कर्ष जुळतो.

तरीही चाचण्या लहान आहेत आणि कोणता उपचार चालू आहे हे उपचारकापासून लपवता येत नाही, त्यामुळे निकालांना मर्यादा पडतात. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या, २०१७ मध्ये छापलेल्या शिफारशींत ठाम पाठिंबा एकट्या व्यायामाला मिळाला. मर्दनाची शिफारस केलेली नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही २०२१ मध्ये दीर्घकालीन वेदनेसाठीच्या हस्तोपचारांवर आणखी संशोधन व्हावे असे म्हटले. म्हणून हस्तोपचार व्यायामाच्या जोडीनेच घ्यावेत. मान मोकळी झाली की त्याच दिवशी हनुवटी हळूच आत ओढून धरण्याचा व्यायाम, मानेच्या वेदनारहित मर्यादेतील हालचाली आणि दहा मिनिटांचे चालणे सुरू करावे, आणि दर आठवड्याला थोडे वाढवावे. नुसते टेबलावर पडून घेतलेले उपचार पैसे आणि आशा दोन्ही खातात.

उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे या विकारात नेहमीचे आहे. त्याहून जास्त टिकले तर दाब जास्त झाला असे समजावे आणि पुढच्या भेटीत ते आधी सांगावे. ‘दुखलं तरच गुण येतो’ हे इथे लागू नाही. पाच-सहा भेटींनंतरही वहीतले आकडे हलले नाहीत, तर उपचार बदलावा.

मानेला झटका देऊन ‘कट्’ असा आवाज काढणे हा वेगळा आणि जोखमीचा प्रकार आहे. केस कापून झाल्यावर मान मोडून देण्याची किंवा लचक भरली म्हणून जाणत्या माणसाकडून ती काढून घेण्याची आपल्याकडची सवय या रुग्णांनी सोडावी. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचे अस्तर अशा झटक्याने क्वचित फाटते आणि पक्षाघात होऊ शकतो. संधिवाताने वरच्या मणक्यांचे अस्थिबंध सैल झाले असतील, हाडे ठिसूळ असतील किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असतील, तर झटका देऊच नये. फायब्रोमायाल्जियासोबत ऱ्हुमॅटॉइड संधिवात असणाऱ्या स्त्रिया कमी नाहीत, म्हणून उपचार सुरू करण्याआधी ही माहिती फिजिओथेरपिस्टला द्यावी.

मानेवर उपचार झाल्यावर एकाएकी कधी न अनुभवलेली डोकेदुखी, चक्कर, दोन-दोन दिसणे, बोलताना किंवा गिळताना अडखळणे, चेहरा बधिर होणे यांपैकी काहीही झाले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.